कोंबडा, कोल्हा आणि सहाशे वर्षांचे हसू



विनोद समजावून सांगितला की त्याची गंमत जाते, असे म्हणतात. ते पुष्कळसे खरे आहे. तरीही या पाठात आपण तेच करणार आहोत. कारण आपल्यासमोरचा विनोद सहाशे वर्षांपूर्वीचा आहे आणि तो इंग्लंडमधला आहे. तिथल्या लोकांचा पोशाख वेगळा, कायदे वेगळे, दवापाणी वेगळे. मग त्यांच्या गोष्टीवर आपल्याला हसू का यावे? आणि जिथे हसू येत नाही, तिथे ते का येत नाही?

जेफ्री चॉसर हा इंग्रजी भाषेचा फार मोठा कवी. तो 1400 साली वारला. कविता करून त्याचे पोट भरत नव्हते. 1374 पासून काही वर्षे तो लंडनच्या बंदरात लोकरीच्या जकातीचा हिशेब तपासणारा अधिकारी होता. बंदरावर रोज नाना तऱ्हेची माणसे भेटत. त्यांची बोलण्याची ढब त्याने नीट टिपून ठेवलेली दिसते. त्या काळी इंग्लंडात धर्माची आणि विद्येची भाषा लॅटिन, दरबाराची फ्रेंच आणि सामान्य माणसाची इंग्रजी. 1362 साली कायदा झाला, तेव्हा कुठे न्यायालयात इंग्रजीतून बोलायला परवानगी मिळाली. अशा काळात चॉसरने आपल्या गोष्टी इंग्रजीत लिहिल्या.

त्याच्या सर्वांत प्रसिद्ध पुस्तकाचे नाव 'कँटरबरी टेल्स', म्हणजे कँटरबरीच्या वाटेवरच्या गोष्टी. कँटरबरी गावात टॉमस बेकेट या धर्मगुरूची कबर होती. 1170 साली त्याचा खून झाला होता. आपल्याकडे लोक दर्ग्याच्या जियारतीला जातात, तसे लोक तिथे दूरदुरून जात. लंडनजवळच्या एका सराईत असे तीसेक यात्रेकरू जमतात. सराईचा मालक म्हणतो, वाटेत प्रत्येकाने गोष्टी सांगाव्यात. ज्याची गोष्ट उत्तम ठरेल त्याला परतल्यावर बाकीच्यांनी जेवण द्यावे. सरदार, गिरणीवाला, हकीम, व्यापारी, नन, पाद्री असे सगळ्या थरांतले लोक त्यात आहेत. पुस्तक पुरे होण्याआधी चॉसर गेला, तरी चोवीस गोष्टी आपल्या हाती आहेत. त्यांतल्या काही चावट आहेत. त्या तुमच्या वर्गासाठी नाहीत. आपण घेऊ ती कोंबड्याची गोष्ट.

या गोष्टीच्या आधी काय घडते ते पाहा. एक जाडजूड संन्यासी मोठमोठ्या माणसांच्या अधोगतीच्या कथा सांगत असतो. अमका राजा वैभवावर होता, तो धुळीला मिळाला. तमका सेनापती थोर होता, तो कैदेत मेला. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. शेवटी सरदाराला राहवत नाही. तो म्हणतो, महाराज, पुरे करा. सराईचा मालकही सांगतो की, तुमच्या लगामाच्या घंटा वाजत नसत्या तर मी केव्हाच झोपून खाली पडलो असतो. मग तो एका ननबरोबर आलेल्या पाद्र्याला पुढे बोलावतो. या पाद्र्याचा घोडा अगदी मरतुकडा आहे. तो गोष्ट सांगतो ती एका कोंबड्याची, आणि सांगतो मात्र राजाच्या अधोगतीसारखी. सगळ्या गंमतीचे मूळ इथे आहे.

एक गरीब विधवा, तिच्या दोन मुली, काजळीने काळवंडलेले लहानसे घर. तीन गाई, तीन डुकरिणी आणि मॉल नावाची एक मेंढी. जेवायला दूध, काळी भाकरी, कधीमधी एखादे अंडे. हे सारे कवी साध्या शब्दांत सांगतो. पण अंगणातला कोंबडा आला की त्याची भाषा एकदम शाही होते. कोंबड्याचे नाव चाँटिक्लिअर. त्याचा तुरा पोवळ्याहून लाल आणि किल्ल्याच्या तटासारखा कंगोरेदार. चोच काळी चकचकीत, पाय निळे, नखे कमळाहून पांढरी, अंग तावून काढलेल्या सोन्यासारखे. त्याच्या सात राण्या आहेत आणि पट्टराणी आहे पर्टेलोट नावाची कोंबडी. मालकिणीच्या घरात धूर आणि कोंबड्याच्या अंगावर सोने! अशा वर्णनाला आपण उर्दूत मुबालगा म्हणतो. मराठीत त्याला अतिशयोक्ती म्हणतात. पण नुसत्या अतिशयोक्तीने हसू येत नाही. राजाला राजा म्हटले तर कोण हसेल? कोंबड्याला राजा म्हटले आणि पुढच्याच ओळीत तो दाणा टिपू लागला, की हसू येते.

एके पहाटे चाँटिक्लिअर झोपेत कण्हतो. त्याला स्वप्न पडले आहे की कुत्र्यासारखे एक जनावर अंगणात आले. रंग पिवळट लाल, शेपटीचे आणि कानांचे टोक काळे, डोळे निखाऱ्यासारखे. तुम्ही लगेच ओळखले असेल. कोंबड्याने मात्र कोल्हा कधी पाहिलेला नाही. आपल्याला कळते आणि त्याला कळत नाही, म्हणून आपण कान टवकारून बसतो.

पर्टेलोट त्याला झिडकारते. दाढी असलेला पुरुष आणि स्वप्नाला भितो? मग ती त्याचे निदान करते. अंगात एखादा दोष वाढला की अशी स्वप्ने पडतात; पित्त वाढले की लाल वस्तू, आगी आणि लाल जनावरे दिसतात, काळे पित्त वाढले की काळी अस्वले आणि काळे बैल दिसतात. उपाय एकच, जुलाब. आधी एक-दोन दिवस अळ्या खा आणि मग अंगणातल्या अमक्या-तमक्या वनस्पती चोचीने टिप.

आजचा इंग्रज विद्यार्थी इथे अडतो. त्याला तळटीप वाचावी लागते. पण तुमच्या गावात युनानी दवाखाना असेल तर तुम्ही अडणार नाही. पित्त म्हणजे सफरा, काळे पित्त म्हणजे सौदा, आणि त्यांच्याबरोबर बलगम आणि खून. हे चार अख्लात आपले हकीम आजही सांगतात. यात नवल नाही. ग्रीकांची ही विद्या अरबी ग्रंथांतून युरोपात शिकवली जात होती. चॉसरच्या यात्रेकरूंत जो वैद्य आहे, त्याने वाचलेल्या ग्रंथकारांच्या यादीत राझी, इब्न सीना आणि इब्न रुश्द यांची नावे आहेत. म्हणजे पर्टेलोट बोलते ती चक्क त्या काळच्या पदवीधर हकिमासारखी. फक्त तिच्या नुसख्यात अळ्या आहेत, कारण शेवटी ती कोंबडी आहे. मी वर्गात हा भाग सांगितला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, परहेज काय?" इतक्या दूरच्या विनोदात त्या मुलाने आपली भर घातली, हे मला आवडले.

आता कोंबड्याची पाळी. तो काही ऐकून घेणारा नवरा नाही. स्वप्ने खरी ठरतात, हे पटवण्यासाठी तो एकामागून एक दाखले देतो. एका यात्रेकरूचा खून होतो आणि त्याचे प्रेत शेणाच्या गाडीत लपवले जाते. सोबत्याला ते स्वप्नात कळते. एका मनुष्याला स्वप्नात बुडण्याची सूचना मिळते, त्याचा मित्र हसतो, जहाजावर चढतो आणि बुडतो. मग ग्रंथांचे दाखले, राजांचे दाखले. हजरत युसूफ अलैहिस्सलाम यांच्या किश्श्यातली फिरऔनची आणि कैद्यांची स्वप्नेही तो सांगतो. शेकडो ओळी हे व्याख्यान चालते. वादात कोंबडा पूर्णपणे जिंकतो. स्वप्नाला भ्यायला हवे, हे सिद्ध होते.

आणि मग तो काय करतो? पर्टेलोटच्या लाल लाल डोळ्यांकडे पाहतो, सारे विसरतो, दांडीवरून खाली उडी मारतो आणि ऐटीत अंगणभर फिरू लागतो. माझ्या मते साऱ्या गोष्टीत यासारखा दुसरा विनोद नाही. कोंबडा मूर्ख असता तर एवढी मजा आली नसती. तो विद्वान आहे, त्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि स्वतःला पटलेले तोच ऐकत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री वेळापत्रक आखून, रंगीत पेन्सिलीने रेघा मारून मग गाढ झोपणारा विद्यार्थी तुम्ही पाहिला असेलच.

याच जागी आणखी एक चिमटा आहे. कोंबडा बायकोला लॅटिनमधले एक वचन ऐकवतो. त्याचा खरा अर्थ असा की स्त्री हीच पुरुषाच्या नाशाचे कारण. पण तो तिला अर्थ सांगतो की स्त्री हीच पुरुषाचा आनंद. पर्टेलोटला लॅटिन येत नाही, ती खूश होते. इथे खरोखर हसेल कोण? ज्याला दोन्ही भाषा येतात तो. हा विनोद तुम्हाला कळायला वेळ लागू नये. इंग्रजीतला शेरा घरी वडीलधाऱ्यांना उर्दूत वाचून दाखवताना त्याचा अर्थ किती गोड करता येतो, हे दोन-तीन भाषांत वावरणाऱ्या मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही.

पुढे पाद्री बायकांच्या सल्ल्याने घात होतो असे म्हणून जातो आणि लगेच सावरतो, ही कोंबड्याची मते आहेत, माझी नव्हेत! ऐकणाऱ्यांच्या ध्यानात असते की ज्या ननबरोबर हा पाद्री नोकरीला आहे, ती शेजारीच घोड्यावर बसली आहे.

आता कोल्हा येतो. तो कोबीच्या वाफ्यात दबा धरून बसला आहे. फुलपाखराकडे पाहता पाहता कोंबड्याची नजर त्याच्यावर पडते. तो पळणार, इतक्यात कोल्हा अदबीने बोलतो. महाराज, भिऊ नका, मी फक्त तुमचे गाणे ऐकायला आलो आहे. तुमचे वडील आणि मातोश्री माझ्या घरी येऊन गेल्या आहेत, मला फार समाधान वाटले. कोंबड्याला हा मान वाटतो. ते दोघे कोल्ह्याच्या घरी कशासाठी गेले असतील आणि त्याला कसले समाधान मिळाले असेल, हे आपल्याला कळते. एका वाक्याचे दोन अर्थ, एक बोलणाऱ्याचा आणि एक ऐकणाऱ्याचा. याला उर्दूत तंज म्हणता येईल, मराठीत उपरोध.

मग कोल्हा त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो. तुमचे वडील गाताना चवड्यांवर उभे राहत, मान लांब करत आणि दोन्ही डोळे घट्ट मिटत. तुम्हाला जमेल का तसे? चाँटिक्लिअर चवड्यांवर उभा राहतो, मान ताणतो, डोळे मिटतो आणि आरवतो. कोल्हा मान पकडून त्याला पाठीवर टाकतो आणि रानाकडे धूम ठोकतो.

इथे कवी पुन्हा शाही भाषेत शिरतो. कोंबड्यांचा आक्रोश कसा? तर ट्रॉय नगर पडले तेव्हाच्या स्त्रियांसारखा, कार्थेज जळाले तेव्हाच्या सेनापतीच्या बायकोसारखा. विधवा आणि तिच्या मुली ओरडत धावतात. कुत्रे धावतात, गाय आणि वासरू धावते, डुकरे धावतात. बदके किंचाळतात, हंस झाडांवरून उडतात, मधमाश्या पोळ्यातून बाहेर पडतात. कोणी शिंग फुंकतो, कोणी काठ्या घेऊन पळतो. एका कोंबड्यासाठी एवढा गदारोळ!

कोल्ह्याच्या पाठीवरून कोंबडा म्हणतो, मी तुमच्या जागी असतो तर या गावंढळ लोकांना वळून सुनावले असते, की करा काय करायचे ते, हा मी खाणारच. कोल्ह्याला ते पटते. तो 'बरोबर' म्हणायला तोंड उघडतो आणि तोंडचा घास झाडावर जाऊन बसतो. नीट पाहा. कोंबडा फसला तो डोळे मिटले म्हणून आणि कोल्हा फसला तो तोंड उघडले म्हणून. दोघांनाही एकाच गोष्टीने फसवले, ती म्हणजे स्तुती. यासाठी लॅटिन लागत नाही, वैद्यक लागत नाही, तळटीप लागत नाही. म्हणून हा भाग जसाच्या तसा टिकला आहे.

काही विनोद मात्र खरेच मेले. कोंबड्याला पकडले तो वार शुक्रवार, असे सांगून कवी एका जुन्या लॅटिन पंडिताला हाक मारतो, तुमच्यासारखे शुक्रवारला शिव्या देणे मला जमते तर! त्या पंडिताने इंग्लंडच्या पहिल्या रिचर्ड राजाच्या मृत्यूवर अलंकारांनी ठासून भरलेला विलाप लिहिला होता आणि तो नमुना म्हणून शिकवला जाई. शिकलेल्या श्रोत्यांची तिथे हसून हसून पुरेवाट झाली असेल. आज तो पंडित कुणाला ठाऊक नाही, म्हणून हसूही नाही.

आणि एका जागी कळूनही हसू येत नाही. या धावपळीचा गोंगाट किती मोठा, हे सांगताना चॉसर म्हणतो की जॅक स्ट्रॉच्या टोळीने फ्लेमिंग लोकांना मारताना केलेला आरडाओरडाही याच्या निम्मा नव्हता. ही कल्पना नाही, घडलेली गोष्ट आहे. 1381 साली नव्या डोईपट्टीमुळे शेतकरी आणि कारागीर बंड करून लंडनवर चालून आले. जॅक स्ट्रॉ हा त्यांचा एक पुढारी. त्यांची तक्रार खरी होती, पण त्यांच्यातल्या काहींनी शहरात राहणाऱ्या फ्लेमिंग लोकांना, म्हणजे फ्लँडर्सहून आलेल्या विणकरांना आणि व्यापाऱ्यांना, शोधून शोधून ठार केले. ते परके होते, त्यांची बोली वेगळी होती. चॉसरचे घर त्या वेळी लंडनच्या ऑल्डगेट नावाच्या वेशीवर होते. त्याने हे प्रेतांसकट विनोदात का घातले? ऐकणारे त्यावर हसले की गप्प झाले? काही विद्वान म्हणतात, त्याने मुद्दाम खडा टाकला आहे. मला तसे वाटत नाही. मला वाटते, तेव्हाचे श्रोते हसले असावेत. मारले गेलेले त्यांचे कोणी नव्हते. मी मात्र दर वेळी या ओळीशी थांबतो. कोंबड्याची मान कोल्ह्याच्या तोंडात असताना हसता येते, कारण कोंबडा सुटणार आहे. ते विणकर सुटले नाहीत.

चॉसरनंतरच्या शतकातल्या एका नाटकात मरणाची भीती हसण्यात कशी मिसळते, ते फार छान दिसते. वेकफील्ड गावाशी या नाटकाचे नाते सांगतात आणि त्याला 'मेंढपाळांचे दुसरे नाटक' म्हणतात. कडाक्याच्या थंडीत तीन मेंढपाळ गारठा, कर आणि जमीनदारांच्या नावाने बोटे मोडत बसले आहेत. ते झोपल्यावर मॅक नावाचा भामटा त्यांची एक मेंढी पळवतो. मेंढीचोराला त्या काळी फाशी होत असे. म्हणून मॅकची बायको जिल एक युक्ती काढते. मेंढीला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवायचे आणि आपण बाळंतीण म्हणून कण्हत पडायचे. मेंढपाळ घर धुंडाळतात. काही सापडत नाही. जिल शपथ घेते की मी तुम्हाला फसवले असेल तर या पाळण्यातले बाळ मी खाऊन टाकीन. शपथ अगदी खरी आहे. तिचा बेतच तो आहे!

मेंढपाळ खजील होऊन निघतात. वाटेत आठवते की बाळाच्या हातावर आपण काहीच ठेवले नाही. म्हणून ते सहा पेन्स द्यायला परत येतात, मुका घ्यायला दुपटे बाजूला करतात, तर आत लांबट तोंड! संशयाने झडती घेतली तेव्हा चोरी सापडली नाही. माया आली तेव्हा सापडली. मॅक फासावर जात नाही. त्याला जाड कापडात घालून उंच उडवतात आणि सोडून देतात. लगेच फरिश्ता येऊन हजरत ईसा अलैहिस्सलाम यांच्या जन्माची वार्ता देतो आणि तेच तीन गरीब मेंढपाळ, खिशात असेल ते घेऊन, खऱ्या बाळाला पाहायला जातात. थट्टा आणि श्रद्धा एकाच नाटकात शेजारी बसल्या, याचे तेव्हाच्या लोकांना काही वाटले नाही.

चॉसरची एक गंमत सांगायची राहिली. यात्रेकरूंत तो स्वतःही आहे. सराईचा मालक त्याला म्हणतो, तू सारखा जमिनीकडे काय पाहतोस, ससा शोधतोस काय? सांग एक गोष्ट. एवढा मोठा कवी, आता काय सांगतो म्हणून आपण सरसावून बसतो. तो सुरू करतो सर थोपास नावाच्या एका शूराची गाथा. या शूराचा चेहरा मैद्याच्या पावासारखा पांढरा, दाढी केशरी. घोडा उधळतो, राक्षस भेटतो, शूर पळून येतो. यमक जुळते आणि गोष्ट मात्र हलत नाही. सगळ्या पुस्तकातली ही सर्वांत रद्दी कविता चॉसरने ठरवून स्वतःच्या तोंडी घातली आहे. सराईचा मालक कान धरून ओरडतो, बंद कर तुझे हे यमक! चॉसर दुखावल्या आवाजात म्हणतो की मला येणाऱ्यांत हीच सर्वांत चांगली कविता होती. मग त्याला गद्यात काही सांगायची परवानगी मिळते. तो उपदेशाने भरलेली एक लांबलचक कथा सांगतो आणि ती मात्र त्याला शेवटपर्यंत सांगू देतात.